कपाट सरकवताना खर्च होतं ते काय? बल, ऊर्जा आणि घर्षणाचा हिशोब

दिवाळीची साफसफाई असो की घर बदलणं, लोखंडी कपाट हलवायची वेळ कधीतरी येतेच. दोघं जण खांदा लावतात, "हं, आता!" म्हणून जोर करतात आणि कपाट जागचं हलत नाही. पुन्हा जोर. मग ते अचानक दोन फूट पुढे सरकतं आणि कुणाचं तरी बोट दाराच्या चौकटीत सापडतं. या खोलीतून त्या खोलीत जेमतेम पाच मीटर अंतर, पण ते पार होईपर्यंत दोघंही घामाघूम झालेले असतात.

या पाच मीटरमध्ये किती ऊर्जा खर्च झाली? हिशोब सोपा आहे. उत्तर मात्र घाम गाळणाऱ्याला थोडं अपमानास्पद वाटेल असं आहे.

बिस्किटाचा दहावा भाग

समजा, सामानासकट कपाटाचं वस्तुमान 100 किलो आहे. पृथ्वी त्याला साधारण 980 न्यूटन बलाने खाली ओढते आणि तेवढ्याच बलाने ते फरशीवर टेकलेलं असतं. ते आडवं सरकवायला किती बल लागेल हे घर्षणांकावरून ठरतं. घर्षणांक म्हणजे सरकवायला लागणारं बल भागिले टेकण्याचं बल. पत्र्याचं किंवा लाकडाचं सामान कोरड्या फरशीवर सरकवताना हा आकडा साधारण 0.3 ते 0.5 च्या दरम्यान असतो. आपण 0.4 धरू. म्हणजे 980 गुणिले 0.4, सुमारे 392 न्यूटन. व्यवहाराच्या भाषेत, 40 किलोचं ओझं उचलायला लागतं तेवढं बल.

शाळेतली व्याख्या आठवा: कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. 392 न्यूटन गुणिले 5 मीटर म्हणजे 1960 ज्यूल.

ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण खाण्याच्या हिशोबात तो अर्धी किलोकॅलरीसुद्धा नाही. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा कामात उतरवतात, बाकीची शरीरातच उष्णता होऊन जाते. तेही धरलं तरी खर्च सुमारे दोन किलोकॅलरी. साध्या ग्लुकोज बिस्किटातून वीसेक किलोकॅलरी मिळतात. म्हणजे कपाट हलवण्यासाठी एका बिस्किटाचा दहावा भाग पुरायला हवा, आणि तोही दोघांत वाटून.

मग घाम का फुटतो?

शून्य कार्य आणि खरा थकवा

कारण शरीराला जड जाते ती ऊर्जा नव्हे, बल. हे दोन वेगळे खर्च आहेत आणि जड वस्तू ओढण्याबाबतचे बहुतेक गैरसमज ते एकच समजल्यामुळे होतात.

तेच 1960 ज्यूल जिना चढताना पाहा. 65 किलोचा माणूस तीन मीटर, म्हणजे एक मजला चढला की 1900 ज्यूलच्या आसपास कार्य करतो. एक मजला चढून कुणी चहा मागत नाही. ऊर्जा जवळजवळ तेवढीच, पण जिना चढताना बल मांड्यांच्या मोठ्या स्नायूंवर, सवयीच्या हालचालीतून, पायरी पायरीने येतं. कपाट ढकलताना तेच बल मनगट, खांदे आणि कमरेवर वाकड्या स्थितीत, सलग पडत राहतं.

कपाट हललंच नाही तेव्हाची गोष्ट तर आणखी विचित्र. विस्थापन शून्य, म्हणून कपाटावर केलेलं कार्यही शून्य. तरीही हात थरथरतात. स्नायू म्हणजे टेकू नव्हे. टेकू एकदा लावला की फुकट उभा राहतो. ताणलेल्या स्नायूतले सूक्ष्म तंतू मात्र एकमेकांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि प्रत्येक पकडीला ऊर्जा जाळतात. बाहेरून काहीच हलत नसतं, आत कारखाना चालू असतो.

पाठ्यपुस्तकांतलं एक जुनं उदाहरण इथे आठवतं: डोक्यावर ओझं घेऊन सपाट फलाटावर चालणारा हमाल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य करतो. वाक्य बरोबर आहे. बल वर, चाल आडवी, दोन्ही काटकोनात. पण ते शिकवताना पुढचं वाक्य बहुधा राहून जातं, की त्या हमालाची मान, पाठ आणि गुडघे ज्यूलचा हिशोब ठेवत नाहीत, न्यूटनचा ठेवतात. कामगारांसाठीचे नियम करणाऱ्यांना हे कळलेलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये हाताने वाहायच्या ओझ्याबद्दल शिफारस केली, तेव्हा प्रौढ पुरुषासाठी 55 किलो हा आकडा ठेवला. मर्यादा किलोत आहे, ऊर्जेत नाही.

घर्षण येतं कुठून

घर्षणाचे साधे नियम पहिल्यांदा लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या शेवटी आपल्या वहीत टिपले. ते छापले गेले नाहीत, त्यामुळे कुणाला कळलेही नाहीत. 1699 मध्ये फ्रान्समध्ये गियोम आमोंताँने तेच पुन्हा शोधले. पहिला नियम: वजन दुप्पट, तर घर्षण दुप्पट. दुसरा नियम पटायला जड जातो: टेकणारं क्षेत्रफळ कमी-जास्त केल्याने घर्षण बदलत नाही. वीट आडवी ठेवून ओढा की उभी, बल तेवढंच लागतं.

याचं समाधानकारक उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखे असतात. एकावर एक ठेवले की फक्त काही शिखरं एकमेकांना टेकतात. खरा स्पर्श डोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी किरकोळ भागात होतो. वजन वाढवलं की ही शिखरं आणखी चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. आडव्या विटेला शिखरं जास्त मिळतात, पण प्रत्येकावर भार कमी येतो. हिशोब तिथेच येतो.

दुसरा फ्रेंच माणूस शार्ल कुलोम. विद्युतप्रभाराचं एकक ज्याच्या नावाने आहे, तोच. तो लष्करी अभियंता होता. त्याने जहाजांच्या गोदीत जड घसरगाड्या ओढून मोजमापं केली आणि एक व्यवहारी गोष्ट नोंदवली: वस्तू जितका वेळ एका जागी पडून राहते, तितकं तिला पहिल्यांदा हलवायला जास्त बल लागतं. वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात उभं असलेलं कपाट "चिकटतं" ते यामुळे. खाली साचलेला गंज आणि पुसताना मुरलेलं पाणी त्यात भर घालतात.

हलण्यापूर्वीच्या या घर्षणाला स्थितिक घर्षण म्हणतात आणि सरकत असतानाच्या घर्षणाला गतिक घर्षण. पहिलं बहुधा दुसऱ्यापेक्षा जास्त असतं आणि बोट चेंगरतं ते याच फरकात. आपल्या कपाटाला सुटायला 490 न्यूटन लागत असतील आणि सुटल्यावर 392 च पुरत असतील, तर सुटण्याच्या क्षणी आपण जवळजवळ 100 न्यूटन जास्त लावत असतो. तेवढ्या जादा बलाने 100 किलोचं कपाट अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर प्रतिसेकंद वेग पकडतं. म्हणून एक झटका देण्यापेक्षा बल हळूहळू वाढवत न्यावं आणि सुटलं की लगेच हात सैल करावा.

पायाखालचं घर्षण

आता ज्या घर्षणाला कुणी मोजत नाही ते. कपाट मागे ढकलायला लागणारं बल तुमच्या दंडातून आलं, तरी ते शेवटी टेकतं तुमच्या पायाखालच्या फरशीवर. कपाटाला तुम्ही पुढे ढकलता, फरशी तुम्हाला पुढे ढकलते. फरशीने तसं करायला नकार दिला, म्हणजे पाय घसरला, की दंडाची ताकद वाया.

65 किलोचा माणूस, चप्पल आणि फरशीमधला घर्षणांक 0.5. म्हणजे तो जास्तीत जास्त 32 किलोच्या ओझ्याइतकं आडवं बल लावू शकतो. आपल्या कपाटाला 40 लागतं. तो पैलवान असला तरी एकटा, फरशीवर सपाट उभा राहून, ते हलवू शकणार नाही. भिंतीला पाय लावून ढकललं तर हलवेल. मोजे घालून ढकलणाऱ्याचं तर बोलायलाच नको. रस्सीखेचीतही हेच होतं. दोर दोन्ही बाजूंना सारख्याच बलाने ताणलेला असतो. जिंकतो तो संघ, ज्याचे पाय जमिनीला जास्त धरून राहतात.

म्हणूनच साबणाचं पाणी ओतून कपाट सरकवण्याची युक्ती धोक्याची आहे. कपाटाखालचं घर्षण कमी होतं, आणि दोन पावलांनी तुमच्याही पायाखालचं.

ऊर्जा गेली कुठे

कपाट वर चढवलं असतं तर ऊर्जा त्याच्या उंचीत साठली असती, स्थितिज ऊर्जा म्हणून. वेगात सोडलं असतं तर गतिज ऊर्जा झाली असती. पण ते आधी स्थिर होतं, नंतरही स्थिर आहे आणि उंचीही तीच. 1960 ज्यूलपैकी कपाटाच्या खात्यात काहीच जमा नाही. सगळी रक्कम घर्षणाने घेतली. थोडी फरशीवरच्या ओरखड्यांत आणि त्या कर्कश आवाजात गेली, बाकीची उष्णता झाली. कटिंग चहाच्या ग्लासात 50 मिलिलिटर पाणी घेतलं तर ते या उष्णतेने नऊ अंशांनी तापलं असतं. फरशीत ती पसरून जाते म्हणून जाणवत नाही.

घर्षणाची उष्णता ही पुरवठा न संपणारी गोष्ट आहे, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं बेंजामिन थॉम्प्सन उर्फ काउंट रमफर्डने. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना त्या भयंकर तापतात हे त्याने पाहिलं. मग त्याने मुद्दाम बोथट गिरमीट घेऊन, नळीभोवती पाणी भरून, घोड्यांच्या बळावर ते फिरवत ठेवलं. सुमारे अडीच तासांनी पाणी उकळलं. खाली आग नव्हती. 1798 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. उष्णता हा वस्तूत भरलेला एखादा द्रव असता तर तो कधीतरी संपला असता. पण घोडे फिरत होते तोवर उष्णता येतच राहिली. पुढे जेम्स ज्यूलने 1840 च्या दशकात किती कार्य केलं की किती उष्णता होते याचा दर पक्का केला आणि त्याचं नाव एककाला मिळालं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सपाट जमिनीवर जड वस्तू एका जागेहून दुसरीकडे न्यायला निसर्ग स्वतः काहीच किंमत मागत नाही. सगळी किंमत घर्षणाची आहे, आणि घर्षण कमी करता येतं.

बल वाटून घेणाऱ्या युक्त्या

जड वस्तू हलवण्याच्या जगभरातल्या युक्त्या पाहिल्या तर त्या दोन जातींच्या दिसतात. एक जात बल कमी करते पण ऊर्जा वाचवत नाही. दुसरी खरोखर ऊर्जा वाचवते.

पहिल्या जातीचं रोजचं उदाहरण म्हणजे टेम्पोला लावलेली फळी. तेच 100 किलोचं कपाट एक मीटर उंच टेम्पोत चढवायचं आहे. सरळ उचललं तर 980 न्यूटन बल आणि 980 ज्यूल कार्य. तीन मीटर लांबीची फळी तिरकी लावली आणि घर्षण नसतं, तर एक तृतीयांश बल लागलं असतं, अंतर तिप्पट, कार्य तेवढंच. पण घर्षण आहे. 0.3 घर्षणांक धरला तर लागणारं बल सुमारे 604 न्यूटन होतं आणि एकूण कार्य 1812 ज्यूल, म्हणजे सरळ उचलण्याच्या जवळजवळ दुप्पट. तरी सगळे हमाल फळीच लावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. 100 किलो उचलण्यापेक्षा 62 किलोच्या ओझ्याइतकं ढकलणं शरीराला परवडतं. ऊर्जा स्वस्त आहे, बल महाग.

फळी चार मीटरची घेतली तर बल 530 न्यूटनवर येतं आणि कार्य 2100 च्या वर जातं. पण या लांब फळीचा आणखी एक फायदा आहे. तीन मीटरच्या फळीवर मध्येच दम खायला थांबलात आणि हात सोडला, तर कपाट मागे घसरून तुमच्या अंगावर येईल. चार मीटरच्या फळीवर ते जागीच थांबेल. उताराचं ओढणं घर्षणापेक्षा कमी झालं की वस्तू स्वतःहून घसरत नाही. गाडीचं चाक बदलताना वापरतो तो आट्यांचा जॅक याच तत्त्वावर उभा असतो. आटे म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेली लांबच लांब तिरकी फळीच. अशा साधनात अर्ध्याहून जास्त मेहनत घर्षणात जाते आणि म्हणूनच हात सोडला तरी गाडी खाली येत नाही. शंभर टक्के कार्यक्षम जॅक हे माणूस मारायचं यंत्र ठरेल.

कप्प्या, तरफ, पहार हे सगळे याच जातीचे. बल कमी, अंतर जास्त.

खरी बचत करणाऱ्या युक्त्या

दुसऱ्या जातीत पहिलं नाव चाकाचं. चाकामुळे घर्षण नाहीसं होतं असं आपण सहज म्हणतो. नाहीसं होत नाही, ते जागा बदलतं. बैलगाडीचं चाक जमिनीवर घासत नाही, टेकत टेकत पुढे जातं. घासणं होतं ते आत, आसावर. चाकाची त्रिज्या 60 सेंटिमीटर आणि आसाची 3 सेंटिमीटर असेल, तर गाडी 20 मीटर पुढे गेल्यावर आसावरचं घासणं फक्त एक मीटरभर होतं. घर्षणबल तेवढंच धरलं तरी कार्य विसाव्या हिश्शावर. शिवाय घासण्याची जागा आता एवढीशी आणि झाकलेली, त्यामुळे तिथे वंगण घालता येतं. रस्ताभर तेल ओतत जाण्यापेक्षा हे बरं. मऊ मातीत चाक रुततं आणि तिथे वेगळा खर्च सुरू होतो, पण कठीण रस्त्यावर ही बचत प्रचंड असते.

चाकाआधीची युक्ती म्हणजे खाली ओंडके घालणं, आणि ती आजही वापरात आहे. पावसाळ्याआधी मासेमारी थांबली की कोकण किनाऱ्यावर होड्या भरतीच्या रेषेच्या वर ओढून काढतात. वाटेत लाकडी ओंडके आडवे टाकलेले असतात आणि सगळे एका तालात ओरडून जोर करतात. ताल हौसेसाठी नसतो. दहा जणांचं बल एकाच क्षणी लागलं तरच स्थितिक घर्षण मोडतं, मागेपुढे लागलं तर दहा जण दमतात आणि होडी तिथेच राहते. ओंडका मोकळा फिरत असेल तर एक गंमत दिसते: होडी दोन हात पुढे गेली की ओंडका एकच हात जातो. म्हणून तो मागून बाहेर पडतो आणि एकाला सतत मागचे ओंडके उचलून पुढे न्यावे लागतात.

त्याच किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पायांना कळलेली असते. वरची कोरडी वाळू पाऊल आत घेते, पाण्याजवळची ओली पट्टी मात्र इतकी घट्ट असते की तिच्यावरून सायकल जाते. इजिप्तमध्ये देर एल-बर्शा इथे जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याची सुमारे 3900 वर्षांपूर्वीची कबर आहे. तिच्या भिंतीवर एक प्रचंड पुतळा घसरगाडीवर बांधून ओढून नेत असल्याचं चित्र होतं. दोर ओढणाऱ्यांच्या रांगा, आणि घसरगाडीच्या पुढच्या टोकाशी उभा राहून जमिनीवर काहीतरी ओतणारा एक माणूस. हे धार्मिक विधीचं पाणी असावं, असं अनेकांना वाटत असे. 2014 मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी लहान घसरगाडी वाळूवर ओढून पाहिली. कोरड्या वाळूत गाडीपुढे वाळूचा ढीग साचतो आणि तो सतत ढकलावा लागतो. आमोंताँचे नियम इथे लंगडे पडतात, कारण घासण्यापेक्षा नांगरणंच जास्त चाललेलं असतं. वाळूत योग्य प्रमाणात पाणी घातलं की कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात, वाळू कडक होते, ढीग साचत नाही, आणि लागणारं बल जवळजवळ निम्म्यावर येतं. पाणी जास्त झालं की पुन्हा वाढतं.

चित्रातली माणसं 172 आणि पुतळ्याचं वजन अंदाजे 58 टन. वर पायाखालच्या घर्षणाचा जो हिशोब केला तो इथे लावून पाहा. एका माणसाने 40 किलोच्या ओझ्याइतकं ओढलं तर सगळ्यांचं मिळून सात टनांच्या आसपास बल होतं. त्यात 58 टन हलायचे तर घर्षणांक 0.12 च्या आत हवा. ओल्या वाळूला एवढं जमणं कठीण. त्यामुळे चित्रकाराने माणसं मोजून काढली असतील असं मी तरी मानणार नाही. पाणी ओतणारा मात्र त्याने उगाच काढलेला नाही.

घर्षणांक याहून खूप खाली नेला तो चिनी कारागिरांनी. बीजिंगच्या राजवाड्यासाठी, म्हणजे ज्याला 'निषिद्ध नगरी' म्हणतात त्यासाठी, 1557 च्या हिवाळ्यात सुमारे 123 टनांची एक शिळा 70 किलोमीटर अंतरावरून आणली गेली. चाकं चीनला शतकानुशतकं माहीत होती, तरीही त्यांनी घसरगाडी निवडली. वाटेत ठिकठिकाणी विहिरी होत्या, त्यांचं पाणी रस्त्यावर ओतून बर्फाची वाट तयार केली आणि 28 दिवसांत शिळा पोहोचली. या नोंदी आणि बर्फावरच्या घर्षणाचं गणित मांडणारा शोधनिबंध 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा कळीचा मुद्दा असा की नुसत्या बर्फापेक्षा बर्फावर पाण्याचा पातळ थर असला तर घर्षणांक 0.02 पर्यंत खाली येतो.

0.02 म्हणजे काय ते कपाटाच्या भाषेत सांगायचं तर 100 किलोचं कपाट दोन किलोच्या ओझ्याइतक्या बलाने हलेल. एका बोटाने. शिळेचा हिशोब केला तर बल सुमारे अडीच टनांचं येतं, म्हणजे प्रत्येकी 40 किलोप्रमाणे साठेक माणसं. साध्या कोरड्या जमिनीवर, 0.4 घर्षणांक धरून, तेच काम बाराशेवर माणसांचं झालं असतं. आणि इथे माणसंच नव्हे, ऊर्जाही वाचली. 70 किलोमीटरचं एकूण कार्य वीजबिलाच्या भाषेत 470 युनिटच्या आसपास येतं. कोरड्या जमिनीवर ते वीसपट झालं असतं.

दोन्ही जातींच्या युक्त्या एकत्र आणल्या त्या रशियात. सम्राज्ञी कॅथरीनने पीटर द ग्रेटचा अश्वारूढ पुतळा उभारायला घेतला आणि त्याच्या चौथऱ्यासाठी फिनलंडच्या आखाताजवळ दलदलीत रुतलेला, सुमारे 1500 टनांचा ग्रॅनाइटचा खडक निवडला गेला. मारिनोस कार्बुरिस या ग्रीक अभियंत्याने हिवाळ्यात जमीन गोठण्याची वाट पाहिली. मग धातू ठोकलेल्या लाकडी खोबणींमध्ये लिंबापेक्षा मोठे, 13 सेंटिमीटरहून थोड्या जास्त व्यासाचे पितळी गोळे ठेवून त्यांवर खडक तोलला. आजच्या बॉल बेअरिंगचा हा थोरला पूर्वजच. गोळ्यांनी घर्षण कमी केलं. उरलेलं बल वाटून घेण्यासाठी उभ्या खांबाभोवती दोर गुंडाळणारी यंत्रं होती, ती माणसं गोल फिरून चालवत. सुमारे 400 माणसांनी 1769-70 मध्ये तो खडक सहा किलोमीटर ओढत पाण्यापर्यंत नेला. चांगल्या दिवशी दीडशे मीटर अंतर कापलं जाई. दोर गुंडाळून बल वाढवलं की वेग जातो, त्याला इलाज नाही. पुढे घडवून लहान केलेला तो खडक सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीजवळ आजही पुतळ्याखाली आहे.

परत कपाटाकडे

पितळी गोळे घरात नसतात, पण जाडसर चादर किंवा गोणपाट असतं. कपाट एका बाजूने किंचित कलवून पायांखाली ते सरकवलं आणि कापडालाच धरून ओढलं, तर गुळगुळीत फरशीवर बल बरंच कमी होतं आणि ओरखडेही पडत नाहीत. आतलं सामान आधी काढणं कंटाळवाणं आहे, पण वजन निम्मं तर घर्षण निम्मं, हा आमोंताँचा पहिला नियम कुठेही सूट देत नाही.

ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं, तेही किंचित वरच्या दिशेने. ओढताना तुमचं बल कपाटाचा थोडा भार उचलतं. खाली झुकून ढकलताना उलट कपाटावर भार वाढतो. 0.4 घर्षणांकाला सुमारे 22 अंश वर ओढलं तर 364 न्यूटन पुरतात, तेवढ्याच कोनात खाली ढकललं तर 504 लागतात. अर्थात ओढताना कपाट तुमच्या दिशेने येत असतं, त्यामुळे मागे जागा मोकळी हवी आणि पायात चप्पल नव्हे, बूट हवेत.

सगळ्यात महत्त्वाचं, हात किती उंचीवर लावायचा. उंच कपाट सरकण्याऐवजी कलंडतं आणि त्यात माणसं, विशेषतः लहान मुलं, गंभीर जखमी होतात. नियम साधा आहे: कपाटाच्या ढकलण्याच्या दिशेतल्या खोलीचा निम्मा भाग भागिले घर्षणांक. 45 सेंटिमीटर खोल कपाट समोरून ढकललं, तर साडेबावीस भागिले 0.4, म्हणजे 56 सेंटिमीटर. याच्या वर हात लावून जोर केला तर ते सरकण्याआधी उलटायला लागेल, आणि आपण सगळेच सवयीने छातीच्या उंचीवर हात लावतो. 90 सेंटिमीटर रुंदीच्या दिशेने, म्हणजे बाजूने ढकललं, तर ही मर्यादा 112 सेंटिमीटरवर जाते. सुरुवातीला स्थितिक घर्षण जास्त असल्याने दोन्ही आकडे आणखी खाली येतात. म्हणून बाजूने, कमरेच्या खाली हात लावून, दारं कुलूपबंद करून ढकलायचं. दार मध्येच उघडलं तर त्याचं वजन एका बाजूला जातं आणि वरचा सगळा हिशोब बदलतो.